जुन्या मोटारीतील दिवसाचे दिवे आणि इशारे : काय बंद करावे, काय दुरुस्त करावे

मोपाच्या सड्यावरील मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळावरून ५ जानेवारी २०२३ रोजी प्रवासी वाहतूक सुरू झाली आणि पेडणे तालुक्यातील मोटारचालकांच्या सवयी बदलू लागल्या. नागझर, वारखंड, कासारवर्णे, चांदेल या गावांना जोडणाऱ्या अरुंद, वळणावळणाच्या रस्त्यांवर ज्या मोटारीचा काटा वर्षानुवर्षे पन्नास-साठच्या पुढे सरकला नव्हता, ती धारगळजवळून विमानतळाकडे जाणाऱ्या सहापदरी जोडरस्त्यावर सहज ऐंशी ओलांडते. त्याच क्षणी डॅशबोर्डमधून एक आवाज येतो. मोटार घेऊन पाच-सहा वर्षे झालेली असतात, आणि तिच्यात असा काही आवाज आहे हे मालकाला प्रथमच कळते. दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये प्रश्न विचारला जातो : हे बंद करता येईल का?

याच प्रश्नाच्या पोटात आणखी काही प्रश्न असतात. मोटार सुरू होताच दिवसाउजेडी आपोआप पेटणारे पुढचे दिवे, पट्टा न लावल्यास वाजणारी घंटी, दार नीट न लागल्याचा इशारा, मागे घेताना सतत चालू राहणारी पिकपिक, आणि कधी पेटला हे आठवत नाही असा एखादा पिवळा दिवा. हे सगळे एकाच मापाने मोजले जाते आणि घोटाळा तेथूनच सुरू होतो. यातील काही गोष्टी मालकाच्या सोयीसाठी दिलेल्या असून त्या बंद करण्यास कोणाचीच हरकत नाही. काही कायद्याने बसवलेल्या आहेत. आणि पुष्कळशा अशा, की ज्या बिघडल्यामुळे त्रास देतात. त्यांचा आवाज दाबण्यापेक्षा बिघाड काढणे अधिक स्वस्त पडते.

दिवसा दिवे कशासाठी?

ही कल्पना उत्तरेकडील देशांतली. तेथे हिवाळ्यात सूर्य क्षितिजापासून फार वर येत नाही, दिवसभर संधिप्रकाशासारखा उजेड असतो आणि राखाडी रस्त्यावरून येणारी राखाडी मोटार दिसत नाही. फिनलंडने १९७२ मध्ये हिवाळ्यापुरते, ग्रामीण रस्त्यांवर दिवसा दिवे लावणे बंधनकारक केले. स्वीडनने १९७७ मध्ये ते वर्षभरासाठी केले. कॅनडात १ डिसेंबर १९८९ नंतर तयार झालेल्या प्रत्येक नव्या मोटारीला आपोआप पेटणारे दिवे आले. तेथे स्थायिक झालेल्या गोमंतकीय कुटुंबांना इंजिन सुरू असून दिवा बंद असलेली मोटार आता विचित्र वाटत असेल. युरोपीय संघाने ७ फेब्रुवारी २०११ पासून नव्या प्रकारच्या प्रवासी मोटारींना स्वतंत्र दिवसाचे दिवे सक्तीचे केले. इंग्रजी आद्याक्षरांवरून आपल्याकडे ज्यांना ‘डीआरएल’ म्हणतात ते हेच.

या दिव्यांचे काम रस्ता दाखवण्याचे नसून मोटार इतरांना दिसावी एवढेच आहे. म्हणून त्यांची तीव्रता मर्यादित ठेवलेली असते. आंतरराष्ट्रीय मानकानुसार ती साधारण ४०० ते १२०० कॅन्डेला असावी, म्हणजे समोरच्याला जाणवेल पण त्याचे डोळे दिपणार नाहीत. हेडलाइट लावताच ते विझावेत किंवा मंद व्हावेत अशी रचना असते. आणि मालकांच्या बहुधा लक्षात न येणारी गोष्ट म्हणजे, ते फक्त पुढे असतात. मागचे लाल दिवे त्यांच्याबरोबर पेटतीलच असे नाही.

भारतात चारचाकी मोटारींना दिवसाचे दिवे सक्तीचे नाहीत. बसवले असतील तर ते मानकाप्रमाणे असावेत इतकेच. सक्ती आहे ती दुचाकींना. १ एप्रिल २०१७ पासून तयार झालेल्या दुचाकींचा हेडलाइट इंजिनाबरोबर आपोआप पेटतो आणि त्याला बंद करण्याचे बटण नसते. सुरुवातीची कितीतरी वर्षे समोरून येणारा प्रत्येक भला माणूस हाताची बोटे उघडमिट करून ‘दिवा चालू राहिलाय’ असे खुणावत असे. पेडण्यात आजही एखादे वयस्क गृहस्थ तसे करतात. दुचाकीवर बाहेरून बटण बसवून हा दिवा बंद करणारेही आहेत. तो प्रकार कायद्याने बसवलेली सुरक्षा काढून टाकण्याचा आहे आणि दुचाकीस्वाराचा त्यात काहीही फायदा नाही, कारण रस्त्यावर न दिसण्याचा सर्वाधिक धोका त्यालाच असतो.

मोटारींच्या बाबतीत मात्र प्रामाणिकपणे दोन्ही बाजू पाहाव्या लागतात. एप्रिल-मेच्या टळटळीत उन्हात मोपाच्या उघड्या सड्यावर या दिव्यांचा उपयोग फारसा नाही. पण पेडणे आणि डिचोली हे तालुके म्हणजे केवळ सडा नव्हे. काजूच्या बागा, रबराची लागवड आणि दाट झाडी यांच्या सावलीतून जाणाऱ्या रस्त्यावर उन्हातून सावलीत शिरताना डोळ्यांना क्षणभर काही दिसत नाही, आणि नेमक्या त्याच जागी वळण असते. जून ते सप्टेंबर या काळात तर दुपारी दोन वाजता संध्याकाळ झाल्यासारखी वाटते. अशा ठिकाणी समोरून येणाऱ्या मोटारीचे दोन पांढरे ठिपके दोन सेकंद आधी दिसणे ही किरकोळ गोष्ट नाही. म्हणून कायदा परवानगी देत असला तरी, दिव्यांचा खरोखर काही उपद्रव होत नसेल तर ते चालू ठेवणेच शहाणपणाचे.

उपद्रव कोठे होतो

तरीही काही जुन्या मोटारींत उपद्रव होतो हे मान्य केले पाहिजे. दिवसाचे दिवे दोन प्रकारचे असतात. नव्या मोटारींत स्वतंत्र एलईडी पट्टी असते; ती थोड्या वॅटवर चालते आणि बॅटरीला तिचा भार जाणवत नाही. पूर्वीच्या, विशेषतः परदेशी बाजारासाठी बनलेल्या मोटारींत हेडलाइटच दिवसाही पेटवला जाई. काहींत दोन्ही बाजूंचे दिवे एकापाठोपाठ एक असे जोडून प्रत्येकाला निम्मा दाब दिला जातो, म्हणजे ते मंद जळतात. काहींत मात्र ते पूर्ण शक्तीने पेटतात. नेहमीचा हॅलोजन दिवा ५५ वॅटचा. दोन मिळून ११० वॅट, म्हणजे बारा व्होल्टच्या बॅटरीवर सुमारे नऊ अँपियर. इंजिन चालू असताना अल्टरनेटर हा भार सहज पेलतो. पण इंजिन बंद करून किल्ली अर्धी फिरवलेली ठेवली, पंखा आणि गाणी चालू राहिली, तर छोट्या मोटारीची ३५ अँपियर-तासांची बॅटरी चार तासांच्या आत रिकामी होते. बॅटरी जुनी असेल तर त्याच्याही आधी. दुबईहून येणारे विमान उशिरा आहे म्हणून मोटारीत बसून राहिलेल्या कुटुंबाला हे गणित उपयोगी पडावे.

हे दिवे थांबवण्याचा पहिला आणि सर्वात निर्धोक मार्ग मोटारीच्या पुस्तिकेत असतो. अनेक मोटारींत हँडब्रेक एक खाच वर ओढला की दिवसाचे दिवे विझतात. उभ्या मोटारीसाठी निर्मात्यानेच केलेली ती सोय आहे. काहींत दिव्यांची दांडी पार्किंगच्या खुणेवर नेल्यास ते बंद होतात, काहींत डॅशबोर्डच्या पडद्यावरील सेटिंगमध्ये पर्याय असतो. काही युरोपीय मोटारींत संगणकीय उपकरण जोडून अधिकृत सेवा केंद्रात तो पर्याय बदलून घ्यावा लागतो. या वाटांनी दिवे बंद करण्यात कायद्याची अडचण नाही, तार तुटत नाही, आणि पुढच्या मालकाला हवे असल्यास ते पुन्हा चालू करता येतात.

दुसरा मार्ग फ्यूज काढण्याचा. तो सोपा दिसतो, पण जुन्या मोटारींत एकाच फ्यूजवर तीन-चार कामे जोडलेली असतात. दिवसाच्या दिव्याचा म्हणून काढलेला फ्यूज मागचे दिवे, नंबरपाटीवरील दिवा किंवा डॅशबोर्डची घड्याळेही बंद करू शकतो. फ्यूजपेटीच्या झाकणामागे तक्ता असतो; तो वाचल्याशिवाय आणि फ्यूज काढल्यावर मोटारीला एक फेरी मारून प्रत्येक दिवा पाहिल्याशिवाय रस्त्यावर उतरू नये. मागे एक माणूस उभा करून ब्रेक दाबून पाहावा. एकट्याने करायचे असेल तर संध्याकाळी भिंतीकडे पाठ करून मोटार उभी केली की भिंतीवरचा लाल उजेड आरशात दिसतो.

तार कापण्याचा मार्ग मात्र सुचवू नये असा. विशेषतः गेल्या दहा-पंधरा वर्षांतील मोटारींत दिवे थेट बटणाशी जोडलेले नसून एका नियंत्रक पेटीच्या हुकमावर चालतात. तार कापली की त्या पेटीला ‘दिवा गेला’ असे वाटते आणि ती नवा इशारा पेटवते. म्हणजे एक दिवा घालवून दुसरा आणला. शिवाय पावसाळ्यात उघड्या तारेच्या टोकाला हिरवट गंज चढतो आणि तो तारेच्या आत वितभर पसरत जातो.

बाजारात मिळणाऱ्या एलईडी पट्ट्या हा वेगळाच विषय. जुन्या स्विफ्ट, वॅगन आर, आय-टेन यांना नवे रूप देण्यासाठी त्या हौसेने बसवल्या जातात. पुष्कळदा त्या थेट बॅटरीवरून जोडलेल्या असतात, मध्ये फ्यूज नसतो, आणि हेडलाइट लावल्यावर त्या मंदही होत नाहीत. अशी पट्टी काढायची असेल तर काढावीच. फक्त तिची तार बॅटरीपासून मुळापर्यंत शोधून काढावी, अर्ध्यावर कापून सोडू नये. पुढच्या बाजूला लाल उजेड दाखवणाऱ्या दिव्यास केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १०८ मनाई करतो, हेही हौशी मंडळींनी ध्यानात ठेवलेले बरे.

दिवसाच्या दिव्यांबद्दल सर्वात गंभीर तक्रार मात्र त्यांच्या उपद्रवाची नसून त्यांच्यावर विसंबण्याची आहे. विमानतळाच्या परिसरात रस्त्यावर भरपूर दिवे असतात. डॅशबोर्ड उजळलेला असतो, समोर थोडा उजेड पडतो, आणि चालकाला वाटते की हेडलाइट चालूच आहे. मग तो नागझर किंवा उगव्याच्या बाजूला वळतो. पुढे अंधार, आणि मागून येणाऱ्याला ही मोटार दिसतच नाही, कारण मागचे लाल दिवे पेटलेलेच नाहीत. नियम १०५ सांगतो की सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाने, तसेच पुरेसा उजेड नसेल अशा कोणत्याही वेळी, पुढे १५५ मीटरवरील माणसे व वाहने स्पष्ट दिसतील असे दिवे लावले पाहिजेत. चोर्ला घाटातील धुके असो वा अस्नोड्याकडचा मुसळधार पाऊस, ‘कोणत्याही वेळी’ या शब्दांत तेही आले. तेथे हेडलाइटच हवा, लो बीमवर. पावसात धावत्या मोटारीचे चारही इंडिकेटर एकदम लुकलुकत ठेवण्याची पद्धत आपल्याकडे रूढ झाली आहे. ती अधिकच घातक, कारण त्यात वळण्याचा इशारा देण्याची सोयच नाहीशी होते.

घंटीवर राग का येतो

दिव्यांपेक्षा माणसाला आवाजाचा राग अधिक येतो, आणि या रागाला इतिहास आहे. अमेरिकेत १९७४ सालच्या नव्या मोटारींत अशी व्यवस्था होती की पुढच्या आसनावरील माणसाने पट्टा लावल्याशिवाय इंजिनच सुरू होत नसे. आसनावर वजन आहे की नाही एवढेच त्या यंत्राला कळे. किराण्याची पिशवी ठेवली तरी मोटार हटून बसायची. लोक इतके खवळले की त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अमेरिकन काँग्रेसने कायदा करून ही सक्ती रद्द केली आणि पट्ट्याचा आवाज आठ सेकंदांपेक्षा अधिक वाजू नये अशी मर्यादा घातली. ती मर्यादा पुढे जवळजवळ चार दशके टिकली. एका चांगल्या उपायाची अंमलबजावणी हटवादीपणे केली तर लोक उपायालाच नाकारतात, याचे हे उदाहरण अभियंते आजही विसरलेले नाहीत.

किराण्याची ती पिशवी आपल्याकडेही आहे. शुक्रवारी म्हापशाच्या बाजारातून परतताना पुढच्या आसनावर नारळ, मानकुराद आंबे किंवा भाजीची पिशवी ठेवली की आसनाखालील संवेदकाला तेथे माणूस बसल्याचे वाटते आणि घंटी सुरू होते. यावरचा उपाय फुकट आहे : पिशवी मागच्या पायथ्याशी ठेवावी, किंवा पट्टा पिशवीवरून घेऊन लावून टाकावा. अचानक ब्रेक दाबल्यास नारळ पुढच्या काचेवर जाणार नाहीत हा वरचा फायदा.

भारतात १ जुलै २०१९ पासून तयार झालेल्या सर्व प्रवासी मोटारींत पुढच्या आसनांसाठी पट्ट्याचा इशारा, वेगाचा इशारा, मागे घेतानाचे संवेदक आणि चालकासाठी एअरबॅग सक्तीची झाली. मोपाच्या जोडरस्त्यावर ऐकू येणारा तो आवाज याच नियमातला. ताशी ८० किलोमीटरच्या पुढे तो अधूनमधून वाजतो आणि १२० च्या पुढे सतत. म्हणून ‘जुनी मोटार’ म्हणताना ही तारीख ही खरी सीमारेषा मानावी. तिच्या अलीकडच्या मोटारीत हे इशारे कायद्याने दिलेले भाग आहेत. ते काढणे म्हणजे मोटारीला मान्यता ज्या रूपात मिळाली ते रूप बदलणे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२-अ मध्ये मालकाने परवानगी नसलेले फेरफार केल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली आहे. त्या तारखेपूर्वीच्या मोटारीत इशारा असेल तर तो निर्मात्याने आपणहून दिलेला आहे, आणि पुस्तिकेत तो बंद करण्याची कृती दिली असेल तर ती वापरता येते. अमेरिकेत विकल्या गेलेल्या फोर्डच्या अनेक मोटारींत पट्टा ठरावीक वेळा लावून-सोडून हा आवाज बंद करता येत असे आणि ती कृती पुस्तिकेतच छापलेली असे.

पण आवाज बंद झाला तरी पट्टा न लावण्याची मुभा मिळत नाही. कलम १९४-ब नुसार पट्टा न लावल्यास एक हजार रुपये दंड आहे, मोटार कोणत्याही वर्षाची असो. मागच्या आसनावरील प्रवाशांनाही पट्टा बंधनकारक आहे. नियम १३८ तसे सांगतो, पण मागे बसून पट्टा लावणारा गृहस्थ गोव्यात अजून दुर्मीळच.

४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात टाटा सन्सचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री यांचा मृत्यू झाला. ते मागच्या आसनावर होते आणि पट्टा लावलेला नव्हता, असे पोलिसांनी सांगितले. त्याच मोटारीतील पुढचे दोघे वाचले. या घटनेनंतर दोन गोष्टी ऐरणीवर आल्या : मागच्या आसनांसाठीचा इशारा, ज्याच्या सक्तीचा मसुदा केंद्राने त्याच महिन्यात काढला, आणि पट्ट्याच्या खाचेत अडकवायची ती धातूची पट्टी, जिला ऑनलाइन बाजारात ‘अलार्म स्टॉपर क्लिप’ म्हणत.

ही क्लिप म्हणजे पट्ट्याच्या टोकाची नक्कल. ती खाचेत घातली की मोटारीला पट्टा लावलेला वाटतो. काही विक्रेते ती बाटली उघडण्याचे साधन किंवा सिगारेट लायटर असल्याच्या मिषाने विकत. मे २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अ‍ॅमेझॉन, फ्लिपकार्ट, मीशो, स्नॅपडील आणि शॉपक्लूज या पाच कंपन्यांना ती विक्रीतून काढण्याचा आदेश दिला. एकूण १३,११८ विक्री-नोंदी हटवल्या गेल्या. त्यावेळी दिलेल्या आकडेवारीनुसार २०२१ या एका वर्षात देशात पट्टा न लावलेल्या १६,३९७ जणांचा मृत्यू झाला होता, त्यांतील ८,४३८ चालक आणि ७,९५९ प्रवासी. अशी क्लिप वापरल्यास निष्काळजीपणाचे कारण पुढे करून विमा कंपनी दावा नाकारू शकते, याकडेही प्राधिकरणाने लक्ष वेधले.

क्लिपचा दोष केवळ एवढाच नाही की ती पट्टा न लावणे सोयीचे करते. काही मोटारींत एअरबॅग केव्हा आणि किती जोराने फुगवायची हे ठरवताना पट्टा लावला आहे की नाही हे विचारात घेतले जाते. क्लिप घातलेली असेल तर यंत्राला खोटी माहिती मिळते. पट्टा नसलेला देह ब्रेकच्या धक्क्याने पुढे सरकलेला असतो आणि फुगणारी पिशवी त्याला फार जवळून भेटते.

लाल माती, उंदीर आणि समुद्राची हवा

आता उरतो तो सर्वात मोठा गट : बिघाडामुळे वाजणारे इशारे. पेडणे-डिचोलीतील गॅरेजांत येणाऱ्या अशा तक्रारींचे मूळ बहुधा डॅशबोर्डमध्ये नसून बाहेरच्या हवेत आणि मातीत असते.

मोटार मागे घेताना संवेदक सतत ओरडत असेल तर आधी मागचा बंपर धुवावा. हे संवेदक ध्वनिलहरी सोडून त्यांचा प्रतिध्वनी ऐकतात. त्यांच्यावर लाल मातीचा थर बसला, किंवा खाणपट्ट्यातील धूळ पावसात भिजून लिंपली गेली, की त्यांना आपल्याच अंगावर अडथळा असल्याचा भास होतो. ओल्या मऊ फडक्याने पुसल्यावर हा भास जातो. प्रेशरचे पाणी अगदी जवळून मारू नये, संवेदकाच्या कडेतून पाणी आत शिरते. मागे घेताना गाण्याची धून वाजवणारे भोंगे जुन्या मोटारींवर अजून आहेत. पहाटे साडेतीनला विमान गाठायला निघालेल्या एका मोटारीने सगळा वाडा जागा होतो. ते बाहेरून बसवलेले असतात आणि काढून टाकण्यात काहीच अडचण नाही. वेगवेगळ्या सुरांची मालिका वाजवणारे भोंगे नियम ११९ ला मुळातच मान्य नाहीत.

पट्टा लावूनही घंटी थांबत नसेल तर खाचेत पाहावे. मांद्रे, मोरजी, हरमलच्या किनाऱ्यावर जाणाऱ्या मोटारींत वाळू, नाणी, शेंगदाण्याची टरफले तेथे हमखास सापडतात. खाचेच्या तळाशी एक लहान स्विच असतो. तो दबला नाही की मोटारीला पट्टा लावलाच नाही असे वाटते. व्हॅक्युमने वाळू ओढून घ्यावी. तेल सोडू नये, त्यावर पुन्हा धूळ चिकटते.

दार बंद असूनही उघडे असल्याचा दिवा पेटत असेल तर चौकटीतला रबरी टोपीचा स्विच गंजलेला असतो, किंवा नव्या मोटारीत कुलपाच्या आतलाच. किनाऱ्यालगत खारी हवा आणि आतील भागात चार महिन्यांचा दमटपणा, दोन्हींचा परिणाम सारखाच. तो स्विच बदलणे हे किरकोळ काम आहे. पण त्याकडे दुर्लक्ष केले तर आतला दिवा रात्रभर जळत राहतो आणि सकाळी बॅटरी बसते.

आणि उंदीर. मोटार अनेक दिवस माडाखाली किंवा पडवीला लागून उभी राहिली, विशेषतः पावसाळ्यात, की इंजिनाच्या उबेला घुशी आणि उंदीर येतात आणि तारा कुरतडतात. एकाच वेळी तीन-चार असंबद्ध इशारे पेटले तर निरनिराळे भाग बदलण्याआधी बॉनेट उघडून तारांचे जुडगे नीट पाहावे. बॅटरीचे टर्मिनल सैल झाले किंवा पांढऱ्या क्षाराने भरले तरीही असेच होते. दाब कमी पडला की प्रत्येक नियंत्रक आपापली तक्रार मांडू लागतो. जुन्या मोटारीत कोणताही इशारा बंद करायचा विचार करण्यापूर्वी बॅटरी तपासणे ही पहिली पायरी असावी.

जे दिवे विझवू नयेत

डॅशबोर्डवरील रंगांना अर्थ आहे. हिरवा आणि निळा म्हणजे एखादी गोष्ट चालू आहे. पिवळा म्हणजे लवकर दाखवा. लाल म्हणजे थांबा. ब्रेकचा लाल दिवा हँडब्रेक सोडूनही पेटत असेल तर बहुधा ब्रेक ऑइलची पातळी उतरलेली असते, आणि ती उतरण्याचे कारण झिजलेले पॅड किंवा गळती. चढउतारावर मोटार वळली की तो क्षणभर पेटतो आणि विझतो, कारण टाकीतील द्रव हलतो. हा पहिला इशारा बरेच जण मनावर घेत नाहीत. तेलाच्या दाबाचा लाल दिवा धावत्या मोटारीत पेटला तर इंजिन तत्काळ बंद करावे. घर दोन किलोमीटरवर आहे म्हणून पुढे जाणाऱ्याला इंजिनाच्या पूर्ण दुरुस्तीचा खर्च सोसावा लागतो.

एबीएस आणि एअरबॅग यांचे पिवळे-लाल दिवे अनेकांना निरर्थक वाटतात, कारण ते पेटलेले असूनही मोटार चालते. एबीएसचा दिवा पेटला म्हणजे साधे ब्रेक लागतात, पण ओल्या रस्त्यावर जोराने ब्रेक दाबल्यास चाके अडकून मोटार घसरेल. चाकाजवळचा संवेदक चिखलाने माखणे किंवा त्याची तार तुटणे हे त्याचे नेहमीचे कारण. एअरबॅगचा दिवा पेटलेला असताना बहुतेक मोटारींत ती यंत्रणा स्वतःला बंद ठेवते, म्हणजे अपघातात पिशवी उघडणारच नाही. तिच्या तारा मुद्दाम पिवळ्या आवरणात असतात. त्यांना घरच्या टेस्टरने हात लावू नये. बॅटरी सोडून, काही मिनिटे थांबून, जाणत्या माणसानेच ते काम करावे. आसनाखालचे पिवळे कनेक्टर आसन पुढे-मागे सरकवताना सैल होतात आणि हा दिवा त्यामुळेही लागतो. ते पक्के बसवणे हे पाच मिनिटांचे काम आहे. मात्र त्यानंतर संगणकातील नोंद पुसावी लागते.

जुन्या मोटारींच्या खरेदी-विक्रीत या दिव्यांबाबत एक लबाडी चालते. बिघाड काढण्याऐवजी दिव्याचा बल्ब काढून घेतात, त्यावर काळी पट्टी चिकटवतात, किंवा त्याची तार शेजारच्या तेलाच्या दिव्याला जोडतात, म्हणजे तो त्याच्याबरोबर पेटतो आणि विझतो. ती ओळखण्याची पद्धत सोपी आहे. किल्ली फिरवून इंजिन सुरू न करता थांबावे. निरोगी मोटारीत एबीएस, एअरबॅग, इंजिन, बॅटरी, तेल आणि ब्रेक हे सर्व दिवे यावेळी एकदम पेटतात. मोटार आपले दिवे स्वतःच तपासून पाहते. एअरबॅग आणि एबीएसचे दिवे काही सेकंदांनी आपापल्या वेळी विझतात, तेलाचा आणि बॅटरीचा मात्र इंजिन सुरू होईपर्यंत राहतो. जो पेटलाच नाही तो काढलेला आहे. जो तेलाच्या दिव्याबरोबर अगदी त्याच क्षणी विझला, त्याची तार तपासून घ्यावी. काही वर्षांपूर्वीच्या मोटारींना निदान उपकरण जोडून संगणकातील नोंदी वाचता येतात, आणि डॅशबोर्डवर काही न दाखवणाऱ्या मोटारीच्या नोंदी बरेच काही सांगून जातात.

पंधरा वर्षे पूर्ण झालेल्या खासगी मोटारीची नोंदणी पुढे पाच-पाच वर्षांसाठी वाढवून घ्यावी लागते आणि त्यासाठी वाहतूक खात्याकडे मोटार तपासणीला न्यावी लागते. तेथे हेडलाइट, मागचे दिवे, ब्रेकचे दिवे, इंडिकेटर, नंबरपाटीवरील दिवा आणि भोंगा पाहिला जातो. दिवसाचे दिवे बंद करताना काढलेला फ्यूज अशा वेळीच अंगाशी येतो, कारण त्याच्याबरोबर नंबरपाटीचा दिवा गेलेला असतो आणि तीन वर्षांपूर्वी तो कोणी, कशासाठी काढला हे आठवत नसते. काढलेला फ्यूज कागदात गुंडाळून, त्यावर जागा आणि तारीख लिहून फ्यूजपेटीच्या झाकणात ठेवण्याची सवय काही जुन्या ऑटो इलेक्ट्रिशियनांना आहे.